चांदूरले जाऊन येतो

आमच्या घरात कोणी झोपत नाही, चांदूरले जातं. ही बाबांची बोली. त्यांचं बालपण चांदूर रेल्वे या गावी गेलं, नोकरी सगळी अमरावतीत. सुटीच्या दिवशी जेवण झालं की बाजेवर अंग टाकत आणि म्हणत, "चाललो चांदूरले." डोळे मिटले की तेच गाव दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आम्हा भावंडांच्याही तोंडी तेच बसलं. लहानं चांदूरले गेलं काय, असं आई विचारायची तेव्हा शेजारणी बुचकळ्यात पडत.

माझा नवरा वरंगलकडचा, तेलुगू. त्याच्या घरी न होणाऱ्या कामाला 'मामा आंबे घेऊन निघालाय' म्हणतात, कारण त्याचा एक मामा दर उन्हाळ्यात आंबे आणतो म्हणायचा आणि कधीच आला नाही. लग्नानंतर आम्ही एकमेकांना अशीच आपापली घरं समजावून सांगितली. त्याला धड मराठी येण्याआधी चांदूर कळलं होतं. बाबांना त्याचं कौतुक वाटायचं.

आई गेल्यावर बाबा अमरावतीतच आमच्याकडे राहायला आले. मग हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, नंतर शेजाऱ्यांची नावं, एकदा गॅस चालूच. वय झालं, असं मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही.

त्या दिवशी मी दुपारी शाळेतून शिकवून परतले. नवरा आतल्या खोलीत कामात होता. बाबा कुठे आहेत विचारलं तर मगाशीच चांदूरले गेले, असं तो हसून म्हणाला. मी हातपाय धुतले, निवांत मेथी निवडली. चहासाठी उठवायला गेले तर पलंग रिकामा. चादर सकाळी घातली तशीच. बाथरूम पाहिलं, गच्ची पाहिली. त्यांच्या चपला दारात नव्हत्या. फोन चार्जरला लावलेला होता.

मी नवऱ्याला विचारलं, "बाबा नेमके काय म्हणाले होते? त्यांच्याच शब्दांत सांग."

तो आठवत म्हणाला, "जवाईबापू, चांदूरले जाऊन येतो."

झोपायला जाताना बाबा कधीच 'जाऊन येतो' म्हणत नसत. 'चाललो' म्हणत. जाऊन येतो हे घराबाहेर पडणाऱ्या माणसाचं बोलणं. नवऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तेलुगूत नुसतं 'जातो' म्हणायचं नसतं. निरोप घेताना सगळे 'वेळ्ळि वस्तानु', म्हणजे जाऊन येतो, असंच म्हणतात. मी समजावलं तसा त्याचा चेहरा उतरला. त्याने गाडीची किल्ली घेतली.

बसस्टँडवर चौकशी केली. एवढ्या गर्दीत एक म्हातारा कोणाच्या लक्षात राहणार? चांदूरच्या रस्त्याला लागलो. पोहऱ्याचं जंगल सुरू झालं आणि मला दोन्ही बाजूंना बघवेना, न बघताही राहवेना. झाडाखाली पांढरं काही दिसलं की नवऱ्याला गाडी हळू करायला सांगायचे. एकदा ते सिमेंटचं पोतं निघालं. बाबा चालत निघाले असतील तर, अर्ध्यातच उतरले असतील तर, असं सारखं मनात येत होतं. भावाला फोन लावावा म्हटलं, पण 'बाबा हरवले' हे शब्द तोंडातून काढायचीच भीती वाटली.

चांदूरला बाबांचं जुनं घर कधीच विकलं गेलेलं. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. गल्लीत वळलो आणि ओट्यावर बाबा दिसले. खांद्यावर दुपट्टा, पुढे पाण्याचा गडवा. घरातली बाई आम्हाला बघून बाहेर आली. केव्हाचे बसून आहेत, बहिणीला बोलवा म्हणतात, असं ती हळूच म्हणाली. तिनं त्यांना उन्हातून सावलीत घेतलं होतं, पोळीभाजी वाढली होती.

मी जवळ गेले. बाबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, किती येळ लावला? मी कवाची वाट पाहून राहिलो."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. रस्ताभर मला ते सापडणार नाहीत याची भीती होती. आता ते समोर होते, आणि ती भीती कमी व्हायच्या ऐवजी वेगळीच झाली. मी म्हणाले, "काम होतं, उशीर झाला. चला घरी." ते लगेच उठले, माझा हात धरून.

गाडीत मी त्यांच्या शेजारी मागे बसले. जंगल ओलांडल्यावर बाबा पुढे वाकले आणि त्यांनी नवऱ्याला अगदी अदबीनं विचारलं, "भाऊ, गाव कोनतं तुमचं?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "वरंगल."

"लय दुरून आले," बाबा म्हणाले, आणि माझा हात तसाच धरून खिडकीबाहेर बघत बसले.