ट्रकमधल्या खोलीत दूध तापलंच नाही

भूतबित, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच वडिलांनी अंगारे-धुपारे घराबाहेर फेकले. त्यामुळे हे वाचून कोणी मला देवऋष्याचा पत्ता देऊ नये. मी आधीच वैतागलेला माणूस आहे.

गोष्ट आणीबाणीच्या थोडी आधीची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी आणि बायको सुमन आठवडी बाजारांत तयार कपडे विकायचो — आज शेलूबाजार, उद्या धनज. गाठोडी एस.टी.च्या टपावर, मुक्काम कोणाच्या तरी ओसरीवर. अशा फिरतीत लेकरू कुठं ठेवणार? आमची बेबी इंझोरीला माझ्या मोठ्या बहिणीकडे असायची. भेटायला गेलो की आम्हाला बघून ताईच्या पदराआड लपायची. परतीच्या गाडीत सुमन खिडकीकडे तोंड करून बसायची.

अशात शेलूबाजारला करीमभाईंच्या गॅरेजात तो जुना ट्रक दिसला. कुण्या टुरिंग टॉकीजवाल्यानं मागं चक्क लाकडी खोली बांधून घेतलेली — खिडकी, घडीची खाट, स्टोव्हला फळी, सगळं! घ्यावा का नाही, आठवडाभर आमचं तेच चाललं. माल भिजणार नाही, पण पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसणार. ओसऱ्या मागाव्या लागणार नाहीत, पण टायर गुळगुळीत, अन् मला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. शेवटी सुमन म्हणाली, "बेबी आपल्यापाशी झोपन. मंग बाकीचं कायले मोजून राह्यले तुमी?"

विषयच संपला. पण घ्यायच्या दिवशी हिनं नवंच काढलं.

"राहाचं घर हाय ना थे? मंग आधी दूध उतू घालू."

"अवं, ट्रक हाय थो! अन् हे सारं सोडलं ना आपन?"

"दुधात कोनता देव आला? नव्या घरात पयले दूध उतू जाते, बस."

भर दुपारी, गॅरेजमागच्या निंबाखाली, त्या खोलीत आमचा स्टोव्ह पेटवला. पातेलं ठेवलं. जाळ चांगला निळा, भर्रर्र आवाज. बघत बसलो... साय नाही, वाफ नाही. तेवढ्या वेळात वरण शिजलं असतं. वैतागून बोट बुडवलं — दूध गार! पातेल्याची कडसुद्धा गार!

स्टोव्ह खाली जमिनीवर आणला. तेच पातेलं, तेच दूध, भसकन उतू गेलं. उरलेलं स्टोव्हसकट पुन्हा वर नेलं, तर जाळावरच्या पातेल्यातली वाफ आमच्या डोळ्यांदेखत विरली. करीमभाई टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "खुदा कसम भाऊ, मले काई माहीत नाई."

मी चिडलो. "दूध गेलं खड्ड्यात, गाडी घेतो मी!"

सुमन पातेलं घेऊन खाली उतरली. "जिथं दूध तापत नाई, तिथं मी माह्यं लेकरू नाई निजवनार." ट्रकची जास्त हौस तिलाच होती... आणि तीच रडत स्टँडकडे निघाली. काय करणार? गेलो मागं.

आता खरा संताप ऐका. तो ट्रक कारंज्याच्या एका भांडेवाल्यानं घेतला. बायको-पोरांसकट त्यात वर्षानुवर्षं बाजार केले. न राहवून विचारलं, यात दूध तापतं का? तो माझ्याकडे पाहतच राहिला. "तापते म्हंजे? रोज चहा होते, भाऊ." मी तो चहा तिथंच बसून प्यालो. तोंड भाजलं!

मग आमचंच काहून तापलं नाही? वारा, पत्रा, रॉकेल, सगळं लावून पाहिलं. एका सायन्सच्या मास्तरांनी तर मलाच वेड्यात काढलं. उत्तर नाही ते नाहीच.

बेबी इंझोरीलाच वाढली. ताईची पोरं आम्हाला मामा-मामी म्हणायची, तीही तेच म्हणायला लागली. अजून तेच म्हणते. परवा तिनं सहज विचारलं, "मामा, तुमी मले संगं काहून नाई नेलं?" सुमन उठून आत गेली. आता तुम्हीच सांगा, पोटच्या पोरीला काय सांगू मी — की दूध तापलं नाही म्हणून?