ताईंचा काचेतला कळप

निव्वळ स्वार्थापायी मोर्चाला न येणाऱ्यांची एक यादी मी मनात ठेवली आहे, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई कित्येक महिने त्या यादीत पहिल्या होत्या. आज मी लेखी सांगते की त्यांच्याइतकं राबणारं माणूस पुंडलिकनगरात काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडायचं नाही. फक्त त्या कशासाठी राबतात हे कुणाला धड कळत नसे. दिवाळी असो, गल्लीतलं लग्न असो, रविवारी सकाळी सहाला त्यांच्या चपला जिन्यावर वाजायच्याच. कुठं चाललात विचारलं की म्हणत, "जनावरं हायत माझी शहराबाहेर. त्यांचं खाणंपिणं बघावं लागतंय." गल्लीचा समज असा की बाईंनी शेळीपालन टाकलंय. समोरच्या काकूंनी तर बकरी ईदच्या आधी ओळखीच्यांना त्यांचा नंबरही देऊन टाकला होता.

जनावरं म्हणजे पेशी. काल-परवापर्यंत जिथं बाजरी होती आणि आता प्लॉटिंगच्या पाट्या उगवल्यात, तिथल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत ताई कामाला होत्या. माणसाच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना आपण रक्तातले आहोत हे विसरायला लावायचं, पार गर्भातल्यासारख्या कोऱ्या करायच्या आणि मग शिकवून शिकवून त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी बनवायच्या, असा तो उद्योग. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या कार्यकर्ता शिबिरासारखंच." ताई म्हणाल्या, "फरक एवढाच, माझ्याकडच्या शेवटी काम करतात." त्या पेशी बशीत आपल्या आपण धडधडू लागल्या की त्यांच्यावर औषधाचा थेंब टाकायचा आणि ठोका बिघडतो का ते बघायचं. गोळी माणसाच्या पोटात जाण्याआधी त्याच्या काळजाच्या नमुन्याला विचारून घ्यायचं.

ताई कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातल्या. गावच्या शाळेतून थेट विज्ञानात पोचल्या, पण वाटेत त्यांनी मेंढरांचे कायदे काही सोडले नाहीत. कळप एकटा टाकायचा नाही. कळपानं पाणी प्यायल्याशिवाय आपण प्यायचं नाही. म्हणून ज्या दिवशी पेशींचं खाद्य बदलायचं असे, त्या दिवशी ते झाल्याशिवाय ताई चहाचा घोटसुद्धा घेत नसत. आणि कळप तोंडानं मोजायचा नाही, दृष्ट लागते. प्रयोगशाळेत पेशी मोजणं हे तर रोजचं काम. ताई ते ओठ घट्ट मिटून, हातातल्या यंत्राचं बटण टिकटिक दाबत करायच्या. वरिष्ठांनी फोनवर आकडा विचारला की म्हणायच्या, "हायत बरीच. कागदावर लिहून पाठवते."

या सवयीनं एक स्थळही गेलं. पाहुणे बसले होते, पोहे खाऊन झाले होते. मुलाच्या आईनं गोड आवाजात विचारलं, "तुमच्यावर घरात किती जण अवलंबून आहेत?" ताई घड्याळाकडं बघत म्हणाल्या, "मोजायचं नसतं तसं, पण दहाएक लाख असतील. त्यांची खायची वेळ झाली, मी निघते." आणि खरंच निघाल्या. पाहुण्यांना जिना मीच दाखवला.

दुसरं वेड म्हणजे तुलना. ताईंच्या प्रयोगात प्रत्येक औषधाच्या बशीशेजारी एक बिनऔषधाची बशी लागे, आणि घरातही तोच न्याय. चहा केला तर एक कप साखरेचा, एक बिनसाखरेचा, "नायतर साखरेनं काय केलं ते कसं कळायचं?" बिनसाखरेचा मला पाजत. माझी पत्रकंही त्यांनी सोडली नाहीत. म्हणाल्या, "एक पत्रक विशेषणं घालून छाप, एक बिनविशेषणांचं. कशानं जास्त माणसं येतात बघ." मी रागारागानं खरंच छापली. एका गल्लीत 'निर्लज्ज, निगरगट्ट, झोपलेले प्रशासन', दुसऱ्या गल्लीत नुसतंच 'प्रशासन'. माणसं दोन्हीकडून सारखीच आली. तो पराभव मी अजून पचवलेला नाही.

आमची खरी ओळख भांडणातून झाली. दुष्काळाचं वर्ष, आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, आणि त्या संस्थेच्या फाटकातून मी स्वतःच्या डोळ्यांनी टँकर आत जाताना पाहिला. दुसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं: 'तहानलेल्या शहरात हृदयांचे चोचले'. संध्याकाळी ते माझ्या दारात परत आलं, लाल शाईनं तपासलेलं. 'हृदये कापतात' यावर काट मारून शेजारी 'वाढवतात'. 'लाखो लिटर' याच्याभोवती गोल आणि प्रश्न, 'कुणी मोजलं?' शेवटी शेरा: 'टँकर हिरवळीसाठी होता, तिच्यावर लिही. माझ्या कळपाला दिवसाला वाटीभर लागतं. उद्या ये, दाखवते.'

मी भांडायच्या तयारीनं गेले. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दुधावरच्या पातळ सायीसारखं काहीतरी होतं, आणि ती साय धडधडत होती. एवढंसं काहीतरी, कुणी सांगितलेलं नसताना, आपलं काम करत होतं. भांडण काढायचं मी विसरूनच गेले. माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

"हे आबांचं," ताई म्हणाल्या.

आबा म्हणजे त्यांचे चुलते, अजून मेंढरं राखणारे. त्यांचे दोन भाऊ, त्यातले एक ताईंचे वडील, रानात मेंढरांमागं पळता पळता जागच्या जागी गेले होते. गावानं त्याला 'चक्कर' म्हणून सोडून दिलं. ताईंनी सोडलं नाही. आता आबांनाही चक्कर यायला लागली होती, आणि ती विशेष करून एका गोळीनंतर येते असा ताईंचा संशय होता. गोळी साधी, उलटीवरची, गावातल्या दवाखान्यात कुणालाही मिळणारी. आबांना पित्ताचा त्रास, गोळीनं उलटी थांबे, म्हणून आबा गोळीच्या बाजूचे. ताई सांगून दमल्या. मोठ्या डॉक्टरांकडं चला म्हटलं तरी ते हलेनात.

"डाक्टरनं दिलीय. तू कुठली डाक्टर?"

"मी डाक्टरच हाय आबा, पीएच्.डी.ची."

"मग दे की एखादी सुई." आबा हसत. शेवटी म्हणाले, "माज्याच काळजावर टाकून दाखीव. डोळ्यानं बघितलं की सोडतो."

हे गमतीत म्हटलं होतं. ताईंनी तेव्हाच आबांचं रक्त घेतलं आणि कामाला लागल्या. कित्येक महिन्यांनी मी पाहिल्या त्या पेशी तयार झाल्या, तपासणीचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी मी रास्ता रोको ठेवला.

मागणी रास्त होती: नव्या वसाहतींना पाणी आणि मेंढरांनाही चारा छावणी. छावण्या होत्या त्या गाईबैलांच्या. आबांना मीच बोलावलं होतं. सहा मेंढरं, काठी आणि खांद्यावर घोंगडं घेऊन ते जीपनं आले. मे महिन्याचं ऊन, रस्ता पाघळत होता. तेवढ्यात डिझेलचा पिंप घेऊन एक रिक्षा आली. मी आडवी उभी राहिले.

"मॅडम, जाने दो ना. लॅब का डिझेल है, अर्जंट है."

"जनता भी अर्जंट है," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

तासाभरानं ताई चालत आल्या. अंगात पांढरा कोट, पोटाला ओढणी घट्ट गुंडाळलेली, दोन्ही हात पोटावर, चेहरा घामानं निथळतोय. एवढ्या महिन्यांनी ही बाई आंदोलनात उतरली, या आनंदात मी माइकवरून त्यांचं नाव पुकारलं आणि माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. भोंग्यातून साऱ्या रस्त्यानं ऐकलं: "मी मोर्चाला नाय आले. मी उबवायले."

वीज सकाळीच गेली होती. जनरेटरला डिझेल नव्हतं, ते माझ्यामागं रिक्षात होतं. थंड प्रदेशात अशा वेळी पेशी गारठून मरतात. आमच्याकडं खोलीच बेचाळीसला पोचली आणि ती उबेची पेटी भट्टी झाली. बशा गेल्या. एक बाटली तेवढी वाचली. पेशींना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते, म्हणून ताईंनी तिचं झाकण घट्ट लावून ती पोटाशी बांधली आणि डिझेल शोधत निघाल्या. मेंढीचं नुकतं जन्मलेलं कोकरू असंच आणतात म्हणे, घोंगड्यात, पोटाशी.

"गोठवलेल्या कोऱ्या पेशींपासून परत काळीज वाढवायचं तर महिना जाईल," त्या मला हळू म्हणाल्या, "आणि महिनाभर ते गोळ्या खातील. खिशात पाकीट हाय त्यांच्या." सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण कळपाला पाजलेलं नव्हतं. त्या उभ्या उभ्या डुलत होत्या.

आबा पुढं झाले. "आण हिकडं. तू पड जराशी."

"आबा, हलवू नका लई."

"मला शिकवायलीस व्हय?" त्यांनी बाटली बंडीच्या आत पोटाशी धरली, वरून घोंगडं घेतलं आणि लिंबाच्या सावलीत मांडी घालून बसले. मग विचारलं, "कुणाचं हाय गं हे?"

"तुमचंच."

आबांनी बंडीवरून बाटली चाचपली. मग म्हणाले, "लई हलकं हाय की," आणि घोंगड्याची कड आणखी आत ओढली.

मी रास्ता रोको उठवला. मागण्या मान्य होण्याआधी माझ्या हातून उठलेला तो पहिला आणि शेवटचा. सहकारी माझ्यावर खवळले. मी रिक्षाला मागून धक्का मारला, कारण ती तोवर बंद पडली होती. पत्रकात मी 'रुग्णहित लक्षात घेऊन' असं लिहिलं. ताईंनी तेही तपासलं आणि समासात लिहिलं, 'बरोबर. पण रिक्षा कुणी अडवली ते राहिलं.'

दुसऱ्या दिवशी आबांनी पटका काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाटलीतल्या पेशी ताईंनी रात्रीच दोन बशांत काढल्या होत्या, दोन्हीकडं त्या धडधडत होत्या. ताईंनी एका बशीत नुसतं पाणी टाकलं, काही झालं नाही. मग दुसऱ्या बशीत त्या गोळीचं औषध टाकलं. ठोका लांबला, थांबला, दोनदा भलतीकडंच उडाला. आबांनी मान वर केली नाही. रानात लांबूनही आजारी मेंढरू ओळखणारा माणूस. त्यांना समजावावं लागलं नाही.

"लंगडायलंय," ते म्हणाले. मग बंडीच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून ताईंच्या हातावर ठेवलं.

पुढं ताईंनी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. ईसीजीची पट्टी निघाली, डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि कुठली औषधं चालणार नाहीत त्याची चिठ्ठी दिली. आबा ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पटक्यात ठेवतात.

ताई आता दूरच्या शहरात मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या, आबांच्या पेशी बर्फापेक्षा गार डब्यात घालून सोबत घेऊन. वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय. तो रविवारी नऊपर्यंत झोपतो, आणि मला त्याचा उगाचच राग येतो. मी सहालाच जागी होते आणि जिन्याकडं कान लावून पडून राहते.

मागच्या रविवारी आबा तपासणीसाठी शहरात आले होते. उन्हातून आले म्हणून मी तांब्या भरून पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला, पण म्हणाले, "आधी तिला लाव." मी फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. आबांनी ख्यालीखुशाली काही विचारली नाही.

"पाजलं का गं त्यास्नी?"

"आत्ताच पाजलं, आबा."

"समदी हायत?"

"हायत बरीच," ताई म्हणाल्या.

मग आबांनी तांब्या तोंडाला लावला.