दुसरा हात

वाळवंटातल्या घरांपुढे काँक्रीटची अंगणं असतात. ती उन्हाने फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर रंगासारखा लेप देतात. तो लेप बनवायचा, हे हृषिकेशचं काम. आणि तेही कुठे, तर म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये, जिथे जरा ऊन पडलं की लोक सण असल्यासारखे बाहेर येतात! प्रयोगशाळेत तो दिवसभर लेप दिलेल्या लाद्या भाजायचा आणि तडा कुठे गेला, पापुद्रा कुठे सुटला, ते बघत बसायचा.

"सगळ्या वाळवंटाची काळजी तुला, आणि आपली टेरेस उघडी!" बायको ऊर्मिला चिडवायची. शेवटी गेल्या मे महिन्यात त्याने एक डबा घरी आणला. पहिला हात आडवा मारला. दुसरा उभा मारायचा, म्हणजे बारीक भेगाही बुजतात.

"तो मी मारणार," ऊर्मिलाने बजावलं. "तुझ्या कामात सफाई नाही."

पहिला हात वाळायला हवा होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ती एस-बान लोकलच्या फलाटावर कोसळली, ती गेलीच.

वर्ष झालं. टेरेस तशीच होती, डबाही कोपऱ्यात तसाच. परवा लेक इरा वैतागली. ती इथेच वाढलेली. मराठी कळतं, पण बोलते जर्मन.

"बाबा, हे कधी पूर्ण होणार?"

"एक हात राहिलाय गं."

रंगाचाही हात असतो, हे तिला कुठून ठाऊक असणार! तिने गोंधळून विचारलं, "कुणाचा?"



"आईचा," हृषिकेश म्हणाला.