बांदुंगच्या खोलीतला गोळाभात

आपल्या लोकांत हॉटेलात राहणं हे अजून नाइलाजाचं लक्षण मानतात. त्या गावात नातलग नाही, नातलगाचा मेहुणा नाही, मुलाच्या मित्राचा जुना रूममेटसुद्धा नाही, अशी पक्की खात्री झाली की मगच माणूस हॉटेलचं नाव काढतो. त्यामुळे आमच्या नीलिमाताई वझलवारांनी सत्तरीत, चांगल्या शुद्धीत, विंटरचे सहा आठवडे इंडोनेशियातल्या बांदुंग शहरात, एका स्टुडिओ हॉटेलात, एकटीने काढायचं ठरवलं तेव्हा कॅनडातल्या रेजिनापासून नागपूरपर्यंत सगळ्यांना पहिली काळजी वाटली ती त्यांच्या डोक्याची.

नीलिमाताई आमच्या रस्त्यावरच राहतात, माझ्या घरापासून तिसरं घर. यजमान प्रतापराव इथे युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. एकुलता एक मुलगा अनुप व्हँकुव्हरजवळ कोक्विटलामला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. बाई मूळच्या नागपूरच्या, आणि इतकी वर्षं सस्कॅचेवानच्या थंडीत काढूनही जिभेवरचं नागपूर जरासुद्धा गोठलेलं नाही. घरी कुणी रडत आलं तर आधी खायला घालतील, मग कारण विचारतील. आणि बँकेतली मुलगी सोयीसाठी ‘मिसेस व्ही’ म्हणाली, तर तिथेच काउंटरला टेकून तिच्याकडून पूर्ण ‘वझलवार’ म्हणून घेतील. मागे लाइन लागली तरी.

मागच्या मार्चमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना त्या घसरल्या. मनगट मुरगळलं, एवढंच. पण अनुपच्या मनात घर विकायचा विचार पक्का झाला तो तेव्हा. कोक्विटलामच्या त्याच्या घराला बेसमेंट सूट आहे. स्वतंत्र वॉशरूम, स्वतंत्र दार, छोटं किचन. नीलिमाताई तिथे उन्हाळ्यात महिनाभर राहूनही आल्या होत्या.

“कशी आहे जागा?” मी विचारलं.

“छान आहे ना. खिडकी आहे. खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. फोडणी टाकली की वरून सूनबाईचा टेक्स्ट येते, ‘आई, एग्झॉस्ट प्लीज.’ आता गौरांगी वाईट नाही गं. पण मी तिच्या घरात राहून राहिले ना, ती माझ्या नाही.”

ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ कॉलवर मायलेकांची जुंपली. मी त्यांच्याच किचनमध्ये कोथिंबीर निवडत बसले होते.

“आई, विंटरमध्ये तू रेजिनात एकटी राहायचं नाही. फायनल.”

“बरं. नाही राहणार.”

इतकं सोपं जाईल असं अनुपला वाटलं नव्हतं. “म्हणजे इकडे येतेस?”

“नाही. बांदुंगला जाते.”

“कुठे?”

“इंडोनेशिया. डोंगरावरचं शहर आहे. डिसेंबर-जानेवारीतसुद्धा स्वेटर लागत नाही. लायब्ररीतल्या विणकामाच्या ग्रुपात एक इंडोनेशियन बाई येते, तिचं माहेर आहे ते. स्टुडिओ हॉटेल पाहून ठेवलं मी. महिन्याच्या हिशेबाने घेतलं की आपल्याला परवडते.”

“एकटी? आई, तुला इथे कोक्विटलामला एअरपोर्टवरून घ्यायला यावं लागतं!”

“यावं लागत नाही. तू येतोस.”

शेवटी अनुप चिडून म्हणाला, “ठीक आहे. सहा आठवडे राहून दाखव एकटी. कुणाच्या घरी राहायला न जाता, कुणाला सोबतीला बोलावून न घेता. मग मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. आणि नाही जमलं, तर एप्रिलमध्ये घर विक्रीला लिस्ट करायचं.”

“ठरलं,” नीलिमाताई म्हणाल्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “तू ऐकलंस ना? साक्षीदार आहेस तू.”

बातमी नागपूरला पोचायला दोन दिवस लागले. धाकटे दीर उल्हासभाऊजी यांचा फोन आला. हक्काचं घर असताना वहिनी हॉटेलात राहणार, ही त्यांच्या मते वझलवार घराण्याची बेअब्रू होती.

“वहिनी, इथे तुमची खोली तयार असते. लोक काय म्हणतील?”

“भाऊजी, तुमच्याकडे आले की सकाळचा चहा माझ्याकडे, दुपारी पाहुणे माझ्याकडे, तुमच्या गुडघ्याचं तेल माझ्याकडे. मी तिथे हॉटेल चालवायलाच येते. यंदा एकदा दुसऱ्याने चालवलेल्यात राहून पाहते.”

जानेवारीच्या सुरुवातीला, बाहेर उणे तीस असताना, मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. बॅगेत दोन सुती साड्या, चार सलवार-कमीज, एक झाकणाचं पातेलं, फोडणीची कढली, तूरडाळ, हिंग आणि हरभऱ्याच्या डाळीचा भरडा. विदर्भातल्या बाईला भरड्याशिवाय परदेश म्हणजे पाण्याविना पोहणं.

पुढचं मी त्यांच्याकडूनच ऐकलं, आणि काही नंतर फोनवर अबोलीकडून. ही अबोली कोण ते येईलच.

हॉटेल एका उताराच्या गल्लीत होतं. चौथ्या मजल्यावर खोली. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला ओटा. त्यावर एक इंडक्शन शेगडी, खाली कमरेएवढा फ्रिज. खिडकीशी टेबल-खुर्ची. माणूस उभं राहील एवढी बाल्कनी, आणि बाल्कनीतून लाल कौलं आणि त्यापलीकडे ढगात गेलेले डोंगर. बाथरूमचा नळ जोरात यायचा. चादरी दर तीन दिवसांनी बदलायच्या. खाली काउंटरवर देवी नावाची मुलगी होती. ती त्यांना ‘इबू’ म्हणायची. तिकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात, आई म्हटल्यासारखं.

“अगं, पहिल्या दिवशी दुपारी मी झोपले,” त्या मला फोनवर म्हणाल्या. “उठले आणि घाबरले. वाटलं, चहाची वेळ टळली, कुणाला तरी चहा द्यायचा राहिला. मग आठवलं, कुणालाच द्यायचा नाही. पुन्हा झोपले मी!”

त्या रोज सकाळी उतार उतरून बाजारात जायच्या. तेंपे नावाच्या सोयाबीनच्या वड्या आणून तळायच्या. दुपारी पाऊस यायचा तेव्हा खुर्चीत बसून वाचायच्या. बाजारातल्या भाजीवालीला त्यांनी ‘वझलवार’ शिकवलं. तिने पहिल्याच झटक्यात बरोबर म्हटलं, हे त्यांनी मला खास कळवलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र पोट बिघडलं. हातगाडीवरची तिखट लावलेली फळं बाधली. दोन दिवस त्या नुसत्या भाताच्या पेजेवर होत्या. देवीने आल्याचं गरम पाणी वर पाठवलं. अनुपला त्यांनी सांगितलं नाही, मलाही नाही. फोन सायलेंटवर टाकून पडून राहिल्या. आणि तिकडे, दोन कॉल उचलले नाहीत म्हणून, अनुपने आपल्या लोकांनी जे करायचं तेच केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं: ‘आई बांदुंगमध्ये एकटी आहे. तिथे कोणी मराठी आहे का?’

व्हँकुव्हरच्या मंडळाच्या ग्रुपवरून तो मेसेज टोरांटोला गेला, तिथून सिंगापूरला, तिथून जकार्ताला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास देवीने वर फोन केला. “इबू, युअर फॅमिली इज हिअर.”

“माझी फॅमिली? इथे?”

खाली लॉबीत पस्तिशीतलं एक जोडपं उभं होतं. देवेश आणि अबोली. तो तिथल्या एका कापडगिरणीत रंगाई विभाग सांभाळायचा. दोघं पाच वर्षं बांदुंगला होते. अबोलीच्या हातात स्टीलचा डबा. नीलिमाताई लिफ्टमधून उतरल्या तशी तिने वाकून नमस्कार केला आणि सरळ म्हणाली,

“काकू, बॅग कुठेय? गेस्ट रूम तयार करूनच आलेय मी. किती उतरलाय हो चेहरा! हॉटेलला फोन केला तेव्हाच कळलं पोट बिघडल्याचं, म्हणून मी डब्यात मऊ भात आणि मेतकूट आणलंय, पण ते आता घरीच खायचं.”

नीलिमाताई मला म्हणाल्या, “खरं सांगू? पाय निघाले होते माझे. दोन दिवस मराठी कानावर नव्हतं, पोटात काही नव्हतं, आणि ही पोर मेतकूट घेऊन उभी. खडूस कुणी आलं असतं ना, तर कसं सोपं गेलं असतं!”

“बस गं जरा,” त्या अबोलीला म्हणाल्या. “तू मला न्यायला आलीस?”

“मग काय! आपली माणसं असताना तुम्ही हॉटेलात? मी चेकआउटचं बोललेसुद्धा खाली.”

“बोललीस?” नीलिमाताईंनी काउंटरकडे पाहिलं. देवीने हात जोडल्यासारखं केलं आणि मान हलवली. तिने काही केलेलं नव्हतं; तिला इबूच्या तोंडून ऐकायचं होतं. “देवी, नो चेकआउट. इबू स्टेइंग.”

तेवढ्यात देवेशच्या फोनवर अनुप आला. देवेशने स्पीकर लावला.

“आई! अगं फोन का नाही उचलत? बरी आहेस ना? आता जा त्यांच्यासोबत. प्लीज. मी पैजेचं काही मनात धरणार नाही, प्रॉमिस.”

“आज नाही धरणार. एप्रिलमध्ये धरशील. ‘आई, आठवते ना, बांदुंगला काय झालं?’ असं म्हणशील. मी ओळखत नाही का तुला?”

“आई, देवेशने सांगितलं मला, तू आजारी आहेस!”

“होते. पोट बिघडलं होतं, रे. रेजिनात बिघडलं असतं तर तू विमान पकडून आला असतास का? पेज करून प्यायले, बरी झाले. तुझी काळजी कळते मला. पण तू माझ्यासाठी माणसं धाडलीस, आणि ती बिचारी सुट्टीच्या दिवशी कामाला लागली. आता त्यांचं मी पाहते. ठेव फोन.”

फोन ठेवला गेला तशी अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता तो. “काकू, तुमचं ठीक आहे. पण आमचं काय? उद्या जकार्तापर्यंत सगळे म्हणतील, गावात असून देवेश-अबोलीने म्हाताऱ्या बाईला हॉटेलात ठेवलं.”

“तू सांग सगळ्यांना, काकू फार हट्टी आहे. खरं तेच सांगायचं, त्यात काय.” मग नीलिमाताई म्हणाल्या, “आणि हे पण सांग, की काकूंनी आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. चला वर.”

“वर? खोलीत?”

“मग लॉबीत पंगत मांडू का?”

अबोली पुढे मला हसत सांगत होती, “ताई, मी तोवर कधी कुणाला ‘नको’ म्हणताना असं बघितलंच नव्हतं. नको म्हणाल्या आणि वर आम्हालाच घेऊन गेल्या.”

एका शेगडीवर तीन माणसांचं जेवण कसं करायचं, तर गोळाभात. नीलिमाताईंनी तांदूळ पातेल्यात टाकले. भात शिजेपर्यंत भरड्यात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि सढळ तेल घालून गोळे वळले. अबोली मदतीला उठली, तर तिला खाली बसवलं.

“पाहुणी आहेस तू. पलंगावर बस.”

“पलंगावर जेवायचं, काकू?”

“खुर्ची एकच आहे. त्यावर देवेश बसेल. जावई माणूस.”

भात अर्धा शिजल्यावर गोळे त्यात पुरले, झाकण ठेवलं, वाफ धरू दिली. मग पातेलं हॉटेलच्या टॉवेलात गुंडाळून बाजूला सरकवलं आणि शेगडीवर कढली चढवली. हिंग पडायच्या आत बाल्कनीचं दार उघडलं, पंखा फुल केला, आणि छताला लावलेल्या स्मोक अलार्मखाली देवेशला उशी घेऊन उभं केलं. “हलव. जोरात हलव. कॅनडात आयुष्य काढलं मी, फोडणीने एकदाही फायर ट्रक येऊ दिला नाही.”

ताट एकच होतं. ते अबोलीला. पातेल्याचं झाकण देवेशला. गोळे कुस्करून भात, वरून लाल मिरचीचं चरचरीत तेल. नीलिमाताईंनी स्वतः अबोलीच्या डब्यातला मऊ भात मेतकूट लावून, डब्यातच, खाल्ला. “बघ, तुझंही खाल्लं. आता कुणाचं काही राहिलं नाही.”

देवेश यवतमाळचा निघाला. आई गेल्यापासून त्याने गोळाभात खाल्ला नव्हता. त्याने तिसऱ्यांदा घेतला, मग फोन काढून अनुपला मेसेज केला: ‘सॉरी सर, मिशन फेल. आम्हालाच जेवायला बसवलंय.’

अबोली मात्र जाताना पूर्ण निवळली नव्हती. लिफ्टच्या दारात पुन्हा म्हणाली, “काकू, अजून बघा. गेस्ट रूम आहे.”

“येईन ना. रविवारी. सकाळी येईन, जेवेन, संध्याकाळी माझ्या खोलीवर परत येईन. सोडायला ये म्हणून मी सांगणार नाही, मला टॅक्सी मिळते.”

तसंच झालं. उरलेले सगळे रविवार त्या जेवायला गेल्या आणि दर रविवारी संध्याकाळी परत आल्या. सहा आठवडे पुरे करून फेब्रुवारीच्या मध्यावर रेजिनाला उतरल्या तेव्हा रंग उजळला होता आणि आवाज आणखी चढला होता.

ईस्टरच्या लाँग वीकेंडला अनुप आणि गौरांगी आले. मला बोलावणं होतंच. साक्षीदार ना मी. चहा झाला. अनुपने कप खाली ठेवला.

“ठीक आहे, आई. घराचा विषय बंद. शब्द दिला होता मी.” मग त्याच्याच्याने राहवेना. “पण मला तिकडे झोप लागत नाही, माहितीये? रात्री तीन-तीनदा वेदर बघतो रेजिनाचं.”

“तुझी झोप आहे ती, बेटा. तिच्यासाठी मी घर विकायचं?”

गौरांगी खाली बघून हसली. अनुपही शेवटी हसला, पण अर्धवट. “बरं, शोव्हलिंगला तरी माणूस लाव.”

“लावला. तू म्हणायच्या आधीच.”

“आणि एक एक्स्ट्रा चावी माझ्याकडे असू दे. कधी काही झालं तर...”

नीलिमाताईंनी माझ्याकडे हात केला. “चावी हिच्याकडे आहे. दोन घरं सोडून राहते, दोन मिनिटांत येते. तू हजार मैलांवरून काय उघडणार?”

“अगं, पण मी मुलगा आहे तुझा!”

“म्हणूनच तू बेल वाजवायची,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या रिकाम्या कपात आणखी चहा ओतला. “मी घरात असले तर उघडीन.”