फुलस्टॉपची भीती

मावल्याच्या शाळेत मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. सीमेवरचं हे गाव तेव्हा आंध्र प्रदेशात होतं. ऑफिसात तेलुगू, घरी मराठी आणि इंग्रजी फक्त माझ्या तासाला. सहावीत भाजीच्या मळ्यावरची एक मुलगी होती. बोलताना अडखळायची. पहिला शब्द निघायला वेळ लागे, पण एकदा निघाला की श्वासही न घेता शेवटापर्यंत धावत सुटे.

आईवर तिनं पानभर लिहिलं : 'माय मदर गेट्स अप अर्ली शी प्लक्स ब्रिंजल्स शी गोज टू द मार्केट आय कुक राइस...' स्पेलिंग चोख, पण सगळं पान एकच वाक्य. नीट कर म्हटलं, तर तिनं जागोजागी स्वल्पविराम पेरले. मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं, फुलस्टॉप काऊन देत नाहीस?

"थांबलं का मंग पुढचा शब्द निंगत नाई, बाई."

मी म्हटलं, "कागदावर तुला कोणी घाई करत नाही. हवं तेवढं थांब."

आम्ही एकेक वाक्य शोधत गेलो. कोण? आई. काय करते? लवकर उठते. झालं वाक्य पुरं, दे टिंब. पुढं परत 'शी' आली, म्हणजे नवं वाक्य, पहिलं अक्षर मोठं. दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडता येत नाहीत. जोडायचीच तर मधे 'अँड' किंवा 'सो' हवा. तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं, आई बाजारात जाते, 'सो आय कुक राइस'. हा 'सो' तिचा तिनंच शोधला.

पुढं एकदा ते पान वर्गात वाचायला ती स्वतःहून उभी राहिली. पहिल्या टिंबाशी थांबली आणि पुढची 'शी' येईचना. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मी शब्द सुचवणार, तेवढ्यात तिनं मान हलवून मला अडवलं. बोट टिंबावर तसंच. मग 'शी' आली. प्रत्येक टिंबाशी ती अशीच थांबली, आणि हळूहळू वर्गही तिच्यासोबत थांबायला शिकला.

तिचं अडखळणं काही गेलं नाही. पण एका सकाळी तिची आई बाजाराला जाता जाता शाळेत डोकावली. पोरीनं ते पान घरी वाचून दाखवलं म्हणाली.

"मले इंग्रजी काई समजलं नाई, बाई. पण पोरगी निवांत वाचून राह्यली होती."