मुहूर्तावर उतरवलेलं घर

जनामावशी दुसऱ्याच्या घरी पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायची. बसा म्हटलं की म्हणायची, "नाही जी. मी बसली की तुमाले माझ्याकडं या म्हणा लागते. अन् बसवू कुठं? वरून माती गळून राह्यली."

आदिलाबादपासून थोडं आत आमचं गाव. गावात जुनं दगडी देऊळ आहे, सरकारनं जपलेलं. त्याच्या आसपास नवं बांधकाम करायला बंदी. जुन्या घराची दुरुस्ती तेवढी परवाना काढून करता येते. मावशीचं मातीचं, कवेलूच्या छपराचं घर देवळाला अगदी लागून. नवरा लवकर गेला. वांगी-टमाटे विकून तिनं लेकीचं लग्न केलं आणि मग एकच ध्यास घेतला, पक्क्या भिंतींचा.

मी शाळामास्तर, म्हणून दुरुस्तीच्या परवान्याची दरखास्त मीच लिहिली. अंगठा उठवताना मावशी म्हणाली, "सर, त्यायले लिहा, देवाले पक्कं घर हाय, मंग त्याच्या शेजारणीले काऊन नाही?" मी हसलो, पण ते काही लिहिलं नाही. कचेरीतल्या कारकुनानं मला बजावलं होतं, "परवाना हातात येईपर्यंत जुन्या भिंतीला हात लावू नका."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मावशी दारात आली. "उद्याचा मुहूर्त लय मोठा हाय सर. जुनं उतरवून घेऊ का?"

कारकुनाचं बोलणं मला चांगलं आठवत होतं. पण गावात माझी भारी ऐट होती, सरांनी लिहिलेली दरखास्त परत येत नाही म्हणून. म्हटलं, "घ्या की! परवाना आलाच समजा."

तिनं कुदळीला हळद-कुंकू लावलं, भिंतीला हात जोडले आणि दुपारपर्यंत घर भुईसपाट झालं. महिन्याभरानं साहेब पाहणीला आले. मोकळी जागा पाहून म्हणाले, "दुरुस्त करायला इथे घर आहे कुठे?" दरखास्त नामंजूर झाली. नवं घर बांधायला तर बंदीच.

दोन पावसाळे ती टिनाच्या आडोशाखाली राहिली. मी आणखी दरखास्ती लिहीत गेलो; एकीचाही उपयोग झाला नाही. तिच्या समोरून जाताना मला लाज वाटायची. तीच उलट मला समजवायची, "जिवाले लावून घेऊ नका सर. त्या देवालेच शेजारीण नको झाली, तुमी काय करसान?"

शेवटी लेक तिला आपल्या घरी, गुडीहत्नूरला न्यायला आली. गाठोडी ऑटोत चढत होती. मला राहवलं नाही. कारकुनानं काय सांगितलं होतं ते सगळं बोलून टाकलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे तुमाले ठाऊक होतं."

"हो मावशी."

"माय व माय! अन् मी दोन वर्सं त्याले शिव्या देऊन राह्यली."

चपला तिथंच काढून ती देवळाच्या पायरीशी गेली. दोन्ही कान धरून, कपाळ टेकून तिनं देवाची माफी मागितली. मग परत येऊन ऑटोत बसली.