पट्टीकाकांनी विचारलं

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीला लागून एक अरुंद खोली होती. तिथं पट्टीकाका जखमा धुवायचे. हात इतका हलका, की पट्टी कधी सुटली ते माणसाला कळायचं नाही. जोडीला तोंड चालूच. "ओरड की जरा, बाहेरच्या रांगेला वाटू दे मी काहीतरी काम करतोय," असं म्हणेपर्यंत चिकटलेली पट्टी त्यांच्या हातात आलेली असायची.

एक मात्र ते कधी विचारत नसत. जखम झाली कशी, हे. उमेदवारीच्या दिवसांत, स्वतःला इजा करून घेतलेलं माणूस टेबलावर आलं की त्यांचे वस्ताद खेकसायचे, "मरायचंच होतं तर आमचा कापूस कशाला नासवतोस?" त्या माणसांच्या खाली गेलेल्या माना काकांच्या काळजात रुतून बसल्या. आपण असं तोंड उघडायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं, आणि त्या मौनाचा त्यांना अभिमान होता. पुढे वरच्या मजल्यावर मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "काका, असं कुणी आलं तर पट्टी झाल्यावर माझ्याकडे पाठवत जा." काका हो म्हणाले. पाठवलं कुणालाच नाही. त्यांना ती चहाडी वाटली.

मग ती आली. लाँड्रीत इस्त्री करणारी, विशीतली पोर. "हाताला इस्त्री लागली," म्हणाली. ते भाजल्याचं नव्हतं, हे काकांना दिसलं. त्यांनी मान डोलावली आणि पट्टी बांधली.

ती येत राहिली. जखम भरत आली की नेमकी उघडायची. काकांनी मलम बदललं, पाण्याला दोष दिला, लाँड्रीच्या साबणाला शिव्या घातल्या. एका दुपारी पट्टी सोडताना भरून आलेल्या कातडीशेजारी त्यांना ताजी जखम दिसली, आणि त्यांचा हात थांबला.

"काका, तुमच्याकडे बरं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही काही विचारत नाही."

गप्प बसावं तर ही पोर एक दिवस कायमची यायची थांबेल. विचारावं तर आजपासूनच तोंड फिरवेल. ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"पोरी, मरावंसं वाटतं का गं?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "रोज नाही."

"चल. वर बाई आहेत, त्यांना भेटू. मी दाराशी बसतो."

"तुम्हीपण विचारणाऱ्यांतलेच निघालात," ती म्हणाली. पण उठली.

बाईंनी तिला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तणतणत खोलीत घुसला. "वेड्यांच्यात नेऊन बसवलंत माझ्या बहिणीला! आता तिच्याशी लग्न कोण करणार, तुम्ही? तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणते ती."

रांगेतली माणसं दारात गोळा झाली. काका हातात कापूस धरून ऐकत होते. बाकीचं कानावरून गेलं, शेवटचं मात्र आत लागलं.

"सकाळी खाल्लं का तिनं काही?" त्यांनी विचारलं.

भाऊ गडबडला. "दोन घास."

"मग बोल बाबा," काका म्हणाले, "हवं तेवढं बोल."